नेपाळयात्रा : श्री पशुपतिनाथ व श्री मुक्तिनाथ दर्शनास जाणाऱ्या भाविकांसाठी

काठमांडूचे श्री पशुपतिनाथ आणि हिमालयाच्या कुशीतील श्री मुक्तिनाथ यांच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य भाविक नेपाळास जातात. भारतीयांस तेथे व्हिसा लागत नाही, भाषा समजते, देवदेवता त्याच. त्यामुळे आपण परदेशी चाललो आहोत याचा अनेकांस विसर पडतो आणि बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

पहिली अडचण विमानतळावर येते. विमानाने जाणाऱ्या प्रौढ प्रवाशाजवळ पासपोर्ट अथवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात असावे लागते. केवळ आधारकार्ड घेऊन गेलेल्यांस परत फिरावे लागल्याचे प्रसंग घडले आहेत. पंधरा वर्षांखालील मुले व पासष्ट वर्षांवरील वृद्ध यांना काही सवलती आहेत, त्या निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. ओळखपत्राची एक छायांकित प्रत सामानात व एक घरी ठेवावी. भारतीय शंभर रुपयांस नेपाळी एकशे साठ रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे. तेव्हा कोणी याहून फारच कमी देऊ लागल्यास तेथून निघावे. मोठ्या भारतीय नोटांविषयीचे नियम मात्र वेळोवेळी बदलत आले आहेत. शंभराच्या नोटा जवळ बाळगणे सोयीचे.

सर्वाधिक विचार करावयाचा तो रस्त्याचा. श्रावण हा आपल्याकडे पुण्यमास, परंतु हिमालयात तो दरडींचा व फुगलेल्या नद्यांचा काळ होय. २३ ऑगस्ट २०२४ रोजी, श्रावणातच, पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली व २७ जणांचे प्राण गेले. त्यांतील बहुतेक जळगाव जिल्ह्यातील होते. त्या घरांचे दुःख शब्दांत मावणारे नाही. यात्रेचे आयोजन करणाऱ्यांस भाविकांनी आधीच विचारावे की, बसला दोन चालक आहेत काय, त्यांस घाटरस्त्याचा सराव आहे काय, आणि रात्रीचा प्रवास टाळला आहे काय. असे विचारण्यात संकोच कसला? दर्शनाचे ठिकाण एक दिवसाने लांबले तरी चालते. शक्य असल्यास आश्विन-कार्तिकात जावे. आकाश निवळलेले असते व हिमशिखरेही दिसतात.

मुक्तिनाथास विमानाने जाणाऱ्यांनी पोखरा-जोमसोम मार्गाचा स्वभाव ओळखावा. जोमसोमच्या खोऱ्यात दुपारपासून जोराचा वारा सुटतो, म्हणून विमाने सकाळीच उडतात आणि हवामान बिघडल्यास रद्द होतात. २९ मे २०२२ रोजी याच मार्गावर झालेल्या अपघातात विमानातील सर्व २२ जण दगावले. विमान रद्द झाले म्हणून वैमानिकाशी वा कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नये. परतीच्या तिकिटापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवावेत.

आता उंचीविषयी. पोखरा सुमारे ८०० मीटरवर, जोमसोम सुमारे २,७०० मीटरवर आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्याही वर आहे. सकाळी पोखऱ्याहून निघून त्याच दिवशी जीपने मंदिर गाठणारा भाविक काही तासांत जवळजवळ तीन हजार मीटर चढतो. हवेतील प्राणवायू तेथे विरळ असतो व शरीरास सवय होण्यास वेळ लागतो. डोके दुखणे, मळमळ, भूक मंदावणे, चक्कर ही पहिली चिन्हे होत. ती दिसताच अधिक वर जाऊ नये. धाप विश्रांतीतही न थांबणे, तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे, असे झाल्यास विलंब न लावता खाली उतरवणे हाच खरा उपचार. ‘देवाच्या दारी आलो, आता काय होणार’ या भावनेने वृद्ध मंडळी त्रास लपवतात, तो सोबत्यांनी ओळखावा. जोमसोम अथवा वाटेवरील गावी एक मुक्काम करणे हितावह. उंचीवरील त्रासाची गोळी वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. हृदयविकार, दमा वा रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी आणि १०८ धारांच्या हिमशीतल पाण्याखाली स्नान करण्याऐवजी ते तीर्थ मस्तकी शिंपडून घ्यावे. पुण्य त्याने उणे होत नाही.

प्रवासविमा घेताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे व हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात आहे काय, हे वाचून घ्यावे. गरज नसता पर्यटकांस हेलिकॉप्टरने उतरवून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार नेपाळात २०१८ मध्ये उघडकीस आले होते, त्यामुळे शक्य तेथे कंपनीशी आधी बोलावे.

पशुपतिनाथ परिसरात चामड्याच्या वस्तू मुख्य मंदिरात नेता येत नाहीत. आत छायाचित्रणही वर्ज्य आहे. माकडे हातातील पिशवी ओढतात. एकमुखी रुद्राक्ष म्हणून रस्त्यावर विकले जाणारे मणी बहुधा घडवलेले असतात.

सप्टेंबर २०२५ मधील आंदोलनात काठमांडूचा विमानतळ काही काळ बंद राहिला व अनेक यात्रेकरू अडकले. अशा वेळी जमावाकडे पाहण्यासही जाऊ नये, निवासस्थानीच थांबावे आणि भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. दूतावासाचा दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वीच कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्यावा, कारण भारतातील सिमकार्ड तेथे रोमिंगशिवाय चालत नाही आणि मोबाईलमध्ये साठवलेला क्रमांक बॅटरी संपल्यावर सापडत नाही. पोलिसांसाठी नेपाळात १०० व पर्यटक पोलिसांसाठी ११४४ हे क्रमांक आहेत.