थंडीत डिझेल गाडी उठत नाही तेव्हा



गळीत हंगाम भरात असतो आणि थंडीही. पौषात संभाजीनगर, पैठण, कन्नड भागात पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. अशाच एका पहाटे शेजारच्या वस्तीवरच्या आजीला घाटी दवाखान्यात न्यायचे होते आणि डिझेल जीप काही उठेना. चौघांनी धक्का मारला. "डिझेल गोठलं" यावर सगळ्यांचे एकमत! एक पठ्ठ्या तर टाकीखाली पाचट पेटवायला निघाला होता. शेवटी आजी दूधगाडीतून गेली. नंतर दोष निघाला तो एवढाच, की बॅटरीची अर्थिंगची वायर सैल होती आणि टर्मिनलवर पांढरी भुकटी साचली होती.

गोठल्याची समजूत आधी सोडावी. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे. उन्हाळी डिझेलला ही मर्यादा 18 अंश आहे. म्हणून पंपावरचे ताजे डिझेल आपल्याकडे सहसा तुंबत नाही. पण उन्हाळ्यात ड्रममध्ये भरून ठेवलेले डिझेल पौषात ओतले, तर त्यातले मेण फिल्टरला धरू शकते. (लडाखची गोष्ट निराळी. तिथे 2019 साली इंडियन ऑईलने उणे 33 अंशांपर्यंत वाहणारे डिझेल आणले.)

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा 16 ते 20 पट दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. थंडीत ऑईल जड होते, बॅटरी मंदावते, इंजिन हळू फिरते. मग हवा पुरेशी तापतच नाही. म्हणून सेल्फ मारताना आधी कान द्यावा. आवाज रडका येत असेल किंवा नुसते कट-कट होत असेल, तर बॅटरी आणि तिच्या वायरी बघाव्यात. बाकी काही उघडू नये.

सेल्फ जोमाने फिरतो, तरी गाडी उठत नाही? मग एकाने सायलेन्सरकडे बघावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही. बहुधा हीटर प्लग गेलेत. प्लगची वायर काढून, टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे प्लगच्या टोकाला लावावे. दिवा लागला नाही तर प्लग जळालेला. सगळे प्लग शाबूत असतील तर रिले, फ्यूज बघावा. धूर अजिबात नसेल तर डिझेलच येत नाही: फिल्टर तुंबला, त्यात पाणी साचले किंवा लाईनने हवा धरली. जुन्या गाडीत हातपंप मारून, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी. रात्रभर उभी राहिल्यावरच हवा धरत असेल, तर पाइपचे जोड आणि वॉशर बघायचे.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये. भडका उडून पिस्टन, रिंगा फुटतात. आणि नव्या कॉमन रेल गाडीचे नोझलचे पाइप हाताने सैल करू नयेत. तिथला दाब हजार बारच्याही वर असतो, बारीक धार कातडीतून थेट आत शिरते. ते काम मेकॅनिकवर सोडावे.