विरजण मोडू नकोस

ठाणे, ८ जून

चि. सोहम यास,


काल फोनवर तुझा आवाज बसलेला होता. सहातले पाच गप्पी मासे गेले आणि "मावशी, मी तर रविवारीच अख्खी टाकी घासली होती," असं तू तीनदा म्हणालास. बाळा, त्या घासण्यानंच ते गेले. रागावत नाहीये. २५ वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं, वर साबणही लावला होता.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया साठत जातो. तो विषारी. त्याच्यावर जगणारे जिवाणू टाकीत हळूहळू वस्ती करतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते मात्र थोडं असेल तर माशांना सोसतं. ही मंडळी पाण्यात फारशी नसतात, फिल्टरच्या स्पंजला आणि खालच्या खड्यांना चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तू स्पंज नळाखाली पार उजळेपर्यंत पिळलास आणि खडेही धुतलेस. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात तो जंतू मारायलाच. यातले आपले कोणते, हे त्याला काय कळणार?

आजी दही संपवताना चमचाभर विरजणाला बाजूला काढायची, आठवतं? स्पंजवरचा तो तपकिरी गाळ म्हणजे तुझ्या टाकीचं विरजण. पाण्याची धार मंदावली तरच स्पंज काढ आणि टाकीतून उपसलेल्या पाण्यातच एकदोनदा दाबून परत बसव. फिल्टर रात्री बंद करू नकोस.

तुझ्या टाकीत ४० लिटर पाणी आहे. दर रविवारी त्यातलं दहाएक लिटर नळीनं उपस, नळी खड्यांवरून फिरवलीस की घाणही ओढली जाईल. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं भरून ठेव, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं उडत नाही. म्हणून क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली घरात असू दे. काचेवरचं शेवाळ हवं तर पूस, पण टाकी खिडकीपासून दूर सरकवलीस तर ते मुळात कमी धरेल.

खाणं दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच घाल. तू काचेजवळ गेलास की मासा तोंड वर काढतो, त्याला भूक समजू नकोस. तो सवयीनं येतो. एखाद दिवस उपास घडला तर बिघडत नाही.

सध्या उरलेल्या एकट्याला जप. पंधरा दिवस रोज चार-पाच लिटर पाणी बदल, खाणं चिमटीपेक्षा कमी दे. नवे मासे महिनाभर आणायचे नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. पुढे आणशील तेव्हाही एका वेळी दोनच. माशांची संख्या वाढेल तशी जिवाणूंनाही वाढायला सवड हवी. गोल्डफिशचा हट्ट सोड. तो वीतभर वाढतो आणि घाणही तशीच करतो. आणि कधी कंटाळलास तर मासे तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नकोस, मला दे. असे सोडलेले परके मासे तिथल्या माशांच्या मुळावर येतात.

शनिवारी मी येतेय. माझ्या टाकीतला एक जुना स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून डब्यातून आणीन. दिसायला तो कळकट असेल. तुझ्या आईच्या हाती लागू देऊ नकोस. तिला काहीही घासल्याशिवाय चैन पडत नाही, आणि तुझ्यात ते कुठून आलंय हे मला पक्कं ठाऊक आहे.

तुझी,
मावशी