गाडीची वेळ कोण सांगते? : सीमाभागातील एक संशोधन-विषय आणि त्यासाठी मिळणारे अर्थसाहाय्य

छापील वेळापत्रक आणि प्रवासी यांच्यामध्ये बहुधा एक तिसरी व्यक्ती उभी असते. कधी ती बसचा वाहक असते, कधी स्थानकाबाहेरचा चहावाला, तर कधी नागपुरास नोकरी करणारा पुतण्या. परतीची शेवटची गाडी किती वाजता, ती फाट्यावर थांबते किंवा नाही, हे लोक तिलाच विचारतात आणि तिच्या शब्दावर घराबाहेर पडतात. प्रवासविषयक माहितीच्या वापरावर नात्यागोत्याचा, शेजाराचा आणि ओळखीपाळखीचा जो प्रभाव पडतो, तो समाजशास्त्र, भूगोल, जनसंज्ञापन अशा विषयांत पीएच.डी.च्या अभ्यासाचा भाग होऊ शकतो. त्यासाठी सार्वजनिक निधीतून अधिछात्रवृत्तीही मिळू शकते.

हा अभ्यास करण्यास पांढुर्णा व सौंसर हे तालुके विशेष योग्य आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा प्रदेश आणि नागपूर एकाच राज्यात होते, व त्या राज्याची राजधानीही नागपूरच होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. सरकारी कामाची वाट छिंदवाड्याकडे आणि भोपाळकडे, तर दवाखाना, संत्र्याची बाजारपेठ व लग्नकार्य यांची वाट सावनेर, काटोल, नागपूरकडे, अशी येथील माणसाची दुहेरी ये-जा राहिली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा कचेरीची वाटही बदलली.

वाहतुकीची स्थिती अशीच संमिश्र आहे. पांढुर्णा हे नागपूर–इटारसी या मुख्य रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. सौंसरवरून जाणारा छिंदवाडा–नागपूर हा अरुंद मार्ग २०१५ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने रुंद होऊन खुला झाला. मधल्या वर्षांत ज्यांनी गाडीची सवय सोडली, त्यांना ती पुन्हा सुरू झाल्याचे कोणाकडून कळले, हा एकच प्रश्न प्रबंधातील एका प्रकरणास पुरेल. महाराष्ट्राच्या बाजूस एस.टी. महामंडळ आहे. मध्यप्रदेशात राज्य मार्ग परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला, आणि त्यानंतर प्रवाशांची मदार मुख्यतः खासगी बसगाड्यांवर राहिली. अशा गाड्यांच्या परवान्याच्या अटींत वेळापत्रक घालता येते. पण तो कागद प्रवाशाच्या हाती क्वचितच पडतो. एप्रिल २०२५ मध्ये मध्यप्रदेश मंत्रिमंडळाने मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेस मान्यता दिली. नवी व्यवस्था येताना लोक तिची माहिती कशी मिळवतात, हे पाहण्याची संधी संशोधकास वारंवार येत नाही.

या विषयाला सैद्धान्तिक आधार जुना आहे. एलिहू काट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे दाखविले, की वृत्तपत्रे व आकाशवाणी यांचा संदेश पुष्कळदा थेट पोहोचत नाही. तो आधी काही जाणत्या व्यक्तींकडे जातो आणि त्यांच्या तोंडून इतरांकडे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. अगदी जवळच्या माणसांना आपल्याइतकेच ठाऊक असते, म्हणून नवी खबर दूरच्या ओळखीतून येते. संत्र्याच्या हंगामात गावात येणारा ट्रकचालक किंवा अडत्याचा माणूस हे त्याचे आपल्याकडील उदाहरण ठरू शकेल. ते खरोखर तसे आहे काय, हे मात्र गावात बसून मोजावे लागेल.

मोजण्यात एक मोठी अडचण आहे. एका गल्लीतील पाच घरे नागपूरच्या रुग्णालयासाठी एकच पहाटेची बस धरतात. ती एकमेकांचे पाहून, की बाह्यरुग्ण विभागाची वेळ सर्वांना एकच म्हणून? प्रभाव आणि समान गरज यांची ही गल्लत चार्ल्स मॅन्स्की या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये नेमकी दाखवून दिली. तेव्हा ‘तुम्ही कोणती गाडी धरता’ एवढे विचारून भागत नाही. वेळ बदलल्याचे कोणी सांगितले, कोणत्या दिवशी सांगितले, त्यापूर्वी काय ठाऊक होते, याची दैनंदिनी ठेवावी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार भरते, जामसावळीच्या हनुमान मंदिरात यात्रेकरू येतात. अशा दिवसांची नोंद वेगळी हवी. रेल्वेची चौकशी १३९ या क्रमांकावर करता येते. परंतु घरात फोन असला तरी तो कोणाच्या खिशात असतो, हेही विचारले पाहिजे. चुकीच्या माहितीची किंमत रोजंदारीवरील मजूर, आजारी माणूस आणि परीक्षेस निघालेली मुलगी यांनाच अधिक मोजावी लागते. एक गाडी चुकली की दिवस जातो.

आता अर्थसाहाय्याविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘नेट’ परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा होते. तीतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीस पात्र ठरणाऱ्या विद्यार्थ्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ज्येष्ठ अधिछात्र म्हणून ४२,००० रुपये मिळतात. सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षांची असून स्त्रिया व राखीव प्रवर्ग यांना सवलत आहे. सामाजिक शास्त्रांसाठी किरकोळ खर्चाची रक्कम पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० रुपये असते. दोन तालुक्यांतील गावोगावच्या फेऱ्यांना ती अपुरीच पडेल, म्हणून गावांची निवड विचारपूर्वक करावी. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांच्यासाठी केंद्र शासनाच्या स्वतंत्र राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्या आहेत. १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देते. तेथे संशोधनाचा आराखडा पाहिला जातो.

एका गोष्टीत सीमाभागातील विद्यार्थ्यांची फसगत होण्याचा संभव आहे. बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांसाठी महाराष्ट्राचे अधिवासी असणे आवश्यक असते. मातृभाषा मराठी असली किंवा प्रवेश नागपूर विद्यापीठात घेतला, तरी तेवढ्याने ही अट पूर्ण होत नाही. पांढुर्णा-सौंसरच्या विद्यार्थ्याने केंद्रीय योजनांवरच भर द्यावा. ‘नेट’च्या प्रश्नपत्रिका इंग्रजीसोबत हिंदीतही असतात, ही त्याच्या सोयीची बाब आहे.

मार्गदर्शकाकडे जाण्यापूर्वी मुख्य रस्त्यावरचे एक आणि आडवाटेचे एक अशी दोन गावे ठरवून, प्रत्येकी दहा घरांत शेवटच्या प्रवासाची माहिती कोणी दिली एवढे विचारून यावे. शाळेतील शिक्षक व ग्रामपंचायतीचे सचिव यांची या कामी मदत घेता येईल. वीस घरांची ही यादी आराखड्यास जोडल्यास विषयाचा आवाका आणि लागणारा खर्च, दोन्ही स्पष्ट होतात.