अर्ध्यावरून परतायचं कुठून?

पालकहो, शनिवारी पहाटेच्या कसारा लोकलने आमच्या आसनगावात पाठीवर सॅक घेतलेली मुलं उतरतात आणि रिक्षा पकडून माहुली गडाच्या पायथ्याला जातात. इतकी वर्षं ती दुसऱ्यांची मुलं होती. मागच्या दिवाळीनंतर कॉलेजात जाणारी आमची लेक म्हणाली, "बाबा, आम्ही चौघं डेहण्यापासून हरिश्चंद्रगडापर्यंत चालत जाणार. चार दिवस लागतील."

मी विचारलं, "बरोबर कोण कोण? मुलगे किती? फोन लागेल ना?" तिन्ही प्रश्नांत डोंगर कुठेच नव्हता, हे रात्री अंथरुणावर माझ्या लक्षात आलं.

सकाळी तिला नकाशा पसरायला सांगितलं. आपल्या शहापूर तालुक्यातलं डेहणे, तिथून करोली घाट चढून साम्रद. दुसऱ्या दिवशी रतनगड. मग कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, आणि शेवटी पाचनईहून हरिश्चंद्रगड. उतरायचं टोलारखिंडीने खिरेश्वरला, खुबी फाट्यावर एसटी धरायची आणि माळशेज, मुरबाडमार्गे कल्याण. कोकणातून चढून घाटमाथ्यावर जायचं आणि पुन्हा कोकणात यायचं. रतनगड 1297 मीटर, हरिश्चंद्रगड 1424. पण उंचीचं मला फार वाटलं नाही. मधल्या चढउतारांचा आणि जंगलात फुटणाऱ्या ढोरवाटांचा घोर होता. गुरांनी मळलेली वाट माणसांच्या वाटेसारखीच दिसते, आणि तासाभराने एखाद्या कड्यावर संपते.

मग मी दुसरे प्रश्न काढले. पाणी कुठे भरणार? डिसेंबरात वाहणारा ओढा मार्चमध्ये कोरडा असतो, तेव्हा गावात विचारलंत का? कात्राबाईच्या टप्प्याला गावातला वाटाड्या घेणार का? आणि मध्येच सोडावं लागलं, तर उतरणार कुठे? या शेवटच्या प्रश्नावर ती गप्प झाली. दोन दिवसांनी कागद आणून दिला: रतनगडावरून रतनवाडी, तिथून शेंडी, घोटी; आणि कुमशेतहून राजूर. त्याची एक प्रत मी फ्रिजवर चिकटवली. ठरल्या वेळेला फोन आला नाही, तर कोणत्या गावात विचारायचं हे निदान आपल्याला ठाऊक हवं.

एक अट मात्र घातली. आधी पूर्ण भरलेली सॅक घेऊन माहुली चढून यायची. तीन लिटर पाणी, शिधा, भांडी, पांघरूण, सगळं घेऊन. ती संध्याकाळी आली ती दोन्ही टाचांना फोड घेऊनच. नवे बूट बाद झाले, दोन जीन्स आणि परफ्यूमची बाटलीही. (वासाने आग्यामोहोळ बिथरतं, हे तिला माहुलीच्या पायथ्याच्या एका आजोबांनी सांगितलं. मी सांगितलं असतं तर पटलं नसतं.)

नकार मी एकदाच दिला. परतताना टोलारखिंडीऐवजी नळीच्या वाटेने बेलपाड्याला उतरायचं त्यांच्या मनात आलं होतं. निसटत्या दगडगोट्यांची ती घळ दोर आणि जाणता माणूस असल्याशिवाय उतरायची नाही, हे मी साफ सांगितलं. चिडली, पण ऐकलं.

डिसेंबरात चौघं निघाली. दुसऱ्या रात्री रतनगडाच्या गुहेत एका मैत्रिणीचा गुडघा सुजला. सकाळी चौघंही कागदाप्रमाणे रतनवाडीला उतरली. तिथल्या अमृतेश्वराच्या देवळात बसून डबे संपवले आणि घोटीमार्गे रात्री घरी. वाद झाला नाही, कारण तो महिनाभर आधी आमच्या ओट्यावर होऊन गेला होता.

दारात तिची आजी म्हणालीच, "एवढी तयारी करून अर्ध्यावरनंच आलीस होय गं?" पोरीचा चेहरा उतरला. चार दिवसांच्या चालण्याने पडला नसता एवढा.

तुमच्या घरातलं कुणी असं परत आलं तर आधी गरम पाणी काढा, पानं वाढा. तो प्रश्न विचारू नका.