अभ्यासपाठ : सुखाची शिडी आणि पैशाचा हिशोब



मार्च म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टींची गडबड असते. ८ मार्चचा मेळावा आणि मार्चअखेरची वसुली. याच महिन्यात २० तारखेला आणखी एक दिवस असतो, तो आपल्या गावांपर्यंत फारसा पोचलेला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ साली ठराव केला आणि २०१३ पासून २० मार्च हा जागतिक आनंद दिन म्हणून पाळतात. म्हणून या महिन्याच्या बैठकीत बचत, परतफेड आणि हिशोब झाला की अर्धा तास या विषयाला द्यायचा आहे : सुख म्हणजे काय, आणि ते पैशावर असतं का?

काही जणी लगेच म्हणतील, "त्यात काय विचारायचं, पैसा असला की सगळं आपोआप येतं." काही जणी बरोबर उलटं म्हणतील, "पैशानं कुठं सुख मिळतं बाई, बंगल्यातली माणसं पण गोळ्या खाऊन झोपतात." दोन्ही बोलणी तुम्ही ऐकलेली आहेत, मीही गटागटात ऐकते. पण दुसरं वाक्य कोण कुणाला म्हणतं, तेवढं जरा लक्ष देऊन बघा. खुरपणीची मजुरी वाढवून मागितली की ते ऐकायला मिळतं. सुनेने स्वतःच्या दवाखान्यासाठी पैसे मागितले की ऐकायला मिळतं. जमिनीत बहिणीचा हिस्सा निघाला की तर हमखास. ज्याच्या खिशात आहे तो ज्याच्या खिशात नाही त्याला हे सांगत असेल, तर त्याला शिकवण म्हणायचं की टाळाटाळ, ते तुम्हीच ठरवा.

सुख मोजायचं कसं?

हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ साली एक सोपी युक्ती मांडली. त्याने बऱ्याच देशांत जाऊन लोकांना विचारलं, त्यात आपला भारतही होता. तो म्हणायचा, डोळ्यांसमोर दहा पायऱ्यांची शिडी आणा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या मते तुमचं आयुष्य जितकं चांगलं असू शकतं तितकं. खाली जमीन म्हणजे शून्य, जितकं वाईट असू शकतं तितकं. आज तुम्ही कितव्या पायरीवर उभ्या आहात?

यात दुसरा कुणी तुमचं सुख ठरवत नाही. घर पक्कं आहे का, गाडी आहे का, अंगावर किती तोळे आहे, काही विचारलेलं नाही. तुमची शिडी तुमचीच.

हीच शिडी वापरून दरवर्षी जगातल्या देशांचा आनंद अहवाल निघतो. २०२५ च्या अहवालात फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आला, तिथली सरासरी पायरी पावणेआठच्या जवळ. १४७ देशांत आपला भारत ११८ वा, आपली सरासरी साडेचारच्या आत. नंबराचं फार मनावर घेऊ नका. पण शिडी कामाची आहे, म्हणून ती आपण बैठकीत वापरणार आहोत, पुढे सांगते.

आता एक दुसरा प्रश्न. कालचा दिवस कसा गेला? हसलात का? काळजी होती का? पाठ टेकायला मिळाली का? हा प्रश्न आणि शिडीचा प्रश्न सारखाच वाटतो, पण उत्तरं वेगळी येतात. समजा एका ताईचं घरकुल पूर्ण झालं, दाराला रंग लागला. शिडीवर ती सात म्हणते. पण कालचा दिवस विचारला तर सकाळपासून हप्त्याचं टेन्शन, नवऱ्याशी वाद, रात्री झोप नाही. दुसरी अजून पत्र्याखाली राहते, शिडीवर चारच म्हणते, पण काल शेतात चौघीजणी मिळून भांगलायला गेल्या, दिवसभर चेष्टामस्करी झाली आणि पोरीचा बारावीचा पेपर चांगला गेला. दोघींतली सुखी कोण?

डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन या दोन नोबेल मिळवलेल्या अभ्यासकांनी २०१० साली अमेरिकेतल्या लोकांच्या उत्तरांवरून हाच फरक दाखवला. कमाई वाढेल तशी शिडीवरची पायरी वाढत जाते. पण 'काल कसा गेला' हे मात्र एका कमाईपर्यंतच सुधारतं, पुढे तितकंच राहतं, असं ते म्हणाले. पुढे यावरून वाद झाला. २०२३ साली काहनेमननीच दुसऱ्या अभ्यासकांबरोबर तो हिशोब परत तपासला, आणि निघालं असं की बहुतेकांचं मन कमाईबरोबर पुढेही थोडं थोडं सुधारत राहतं. जे आधीच फार दुःखी आहेत त्यांना मात्र एका मर्यादेनंतर जास्तीचा पैसा उपयोगी पडत नाही. दुखणं, माणूस गेल्याचं दुःख, एकटेपणा, हे नोटांनी भरून निघत नाही. त्यांची डॉलरची रक्कम आपल्या काही कामाची नाही, आपण त्या मर्यादेच्या खूप अलीकडे आहोत. आपल्याकडे पैसा वाढला की सुख वाढतं, हे मान्य करायला लाजायचं कारण नाही.

ऊस तुटण्याआधी आणि नंतर

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा अभ्यास सांगते, कारण तो आपल्यासारख्याच माणसांचा आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा. तो २०१३ साली छापून आला. ऊसवाल्याचं कसं असतं तुम्हाला माहीत आहे. पैसा वर्षातून एकदाच येतो. ऊस जायच्या आधीचे महिने ओढाताणीचे, बिल मिळालं की जरा मोकळे. अभ्यासकांनी त्याच शेतकऱ्यांना दोनदा आकृत्यांची कोडी घातली, एकदा तोडणीच्या आधी, एकदा पैसे मिळाल्यावर. माणूस तोच, शिक्षण तेवढंच. तरी तंगीच्या दिवसांत कोडी सुटायला जड गेली आणि पैसा आल्यावर तीच माणसं चांगली उत्तरं देऊ लागली.

म्हणजे तंगी नुसता खिसा रिकामा करत नाही, ती डोकं अडवून ठेवते. आपण म्हणतो ना, डोक्यात भुंगा लागलाय. पोर शाळेतलं काहीतरी सांगत असतं आणि आपलं लक्ष नसतं. गॅसवर दूध उतू जातं. घरचे म्हणतात हिचं ध्यान कुठं असतं. ध्यान सोमवारच्या हप्त्यात असतं! "गरीब माणसाला व्यवहार कळत नाही" असं म्हणणारे भरपूर भेटतात, बँकेच्या काउंटरवर सुद्धा. त्यांना या ४६४ शेतकऱ्यांची गोष्ट जरूर सांगा.

इथे आपल्या गटाचं काम कुठे येतं ते हिशोबानेच बघू. एखाद्या ताईने दवाखान्यासाठी सावकाराकडून १०,००० रुपये घेतले, शेकडा पाच दराने. महिन्याला ५०० रुपये नुसतं व्याज. दहा महिन्यांत ५,००० दिले आणि मुद्दल १०,००० तसंच उभं. तेच १०,००० गटातून शेकडा दोनने घेतले आणि महिन्याला १,००० मुद्दल फेडत गेलं, तर व्याज पहिल्या महिन्यात २००, मग १८०, मग १६०, असं कमी होत शेवटी २०. दहा महिन्यांचं मिळून १,१०० रुपये, आणि कर्ज संपलेलं. शिवाय ते व्याज गटातच राहिलं. वाचले ३,९०० रुपये, हे तर झालंच. पण रात्री दारात कुणाची गाडी थांबली तर छातीत धस्स होत नाही, याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची? आपल्या कर्ज खतावणीत तो रकाना नाही.

शेजारणीचा फ्रीज

तरी पैसा वाढला की सुख तेवढंच वाढत जातं असंही नाही. अमेरिकेतल्या रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ साली दाखवलं की एकाच वेळी बघितलं तर श्रीमंत माणसं गरिबांपेक्षा सुखी सापडतात, पण दुसऱ्या महायुद्धानंतर अख्ख्या देशाची कमाई वाढत गेली तरी लोकांचं सरासरी सुख त्या प्रमाणात वाढलं नाही. त्यांचं सगळंच म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही, पण कारण ओळखीचं आहे. आपली पायरी आपण शेजारणीकडे बघून ठरवतो. दोघींकडे माठ होता तेव्हा दोघी बऱ्या होत्या. तिच्याकडे फ्रीज आला आणि त्याच दिवसापासून आपला माठ जुना झाला.

सवय होणं हा दुसरा भाग. १९७८ साली अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारून बघितलं. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट मैत्रिणीशी गप्पा, सकाळचा नाश्ता अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची मजा कमी झाली होती. फार थोड्या लोकांचा अभ्यास आहे, पण नवी साडी दुसऱ्या धुण्यात जुनी होते हे आपल्याला माहीत आहेच.

यावर लगेच "बायकांना हौस फार" असं भाषण करायला मला आवडत नाही. बाईने फोन घेतला, पायात पैंजण घातले तर त्याचा हिशोब सगळं गाव विचारतं. हळदीला डीजे लावण्यासाठी काढलेल्या कर्जाचा हिशोब मात्र कुणी विचारत नाही, आणि ते कर्ज पुष्कळदा बाईच्याच नावावर असतं. चार लोकांत मान राहावा म्हणून काढलेल्या कर्जाने मान दोन दिवस राहतो आणि हप्ता दोन वर्षं. गटात कर्जमागणी आली की 'कशासाठी' हा रकाना आपण घाईने भरतो. तिथे थोडं थांबून बोलायला हवं.

पैसा कुणाच्या हातात?

ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये खात्यावर येऊ लागले. रक्कम लहान. पण "पहिल्यांदा कुणाला न विचारता पोराला चप्पल घेतली" असं सांगताना बाईचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. उलटंही पाहिलंय. खातं ताईचं, एटीएम कार्ड मुलाच्या खिशात, पैसे आले की गेले हे तिला महिनाभराने कळतं. कागदावर दोघींचं उत्पन्न सारखंच. सुखाचं बोलताना घरात किती आलं एवढंच विचारून भागत नाही. ते खर्च करायचा निर्णय कुणाचा, हे विचारावं लागतं.

भूतानचं नाव काही जणींनी ऐकलं असेल. १९७० च्या दशकात तिथल्या राजांनी देशाच्या उत्पन्नापेक्षा देशाचं सुख महत्त्वाचं, असं धोरण मांडलं आणि पुढे २००८ च्या राज्यघटनेत ते लिहिलंही. आरोग्य, शिक्षण, वेळ कसा जातो, शेजारपाजार असे नऊ भाग करून ते सुख मोजतात. चांगलंच आहे. पण अलीकडे तिथली तरुण मुलं कामासाठी मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला निघाली आहेत. सुखाचा कायदा केला तरी पोटाला काम लागतंच.

त्यांच्या नऊ भागांतला 'वेळ' हा भाग मात्र आपल्यासाठी उचलण्यासारखा. पहाटे उठल्यापासून रात्री भांडी होईपर्यंत स्वतःसाठी किती वेळ मिळतो? बैठकीचा एक तास सोडून.

२०२५ च्या त्या आनंद अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, जी माणसं इतरांसोबत बसून जेवतात ती जास्त समाधानी सापडतात. हे वाचल्यावर मला आपल्या घरांतल्या पंगती आठवल्या. सगळ्यांचं झाल्यावर, चुलीपाशी एकटी, उरलंसुरलं खाणारी कोण असते? दुसरी गोष्ट पाकिटाची. हरवलेलं पाकीट कुणीतरी परत आणून देईल असा ज्यांना विश्वास वाटतो, त्यांचं सुख जास्त असतं. आणि लोकांना वाटतं त्याच्या साधारण दुप्पट वेळा पाकिटं खरोखर परत मिळतात. माणसांवर विश्वास टाकता येणं ही सुद्धा एक मालमत्ता आहे, आणि आपल्या गटाची पेटी, तिची किल्ली एकीकडे आणि पेटी दुसरीकडे, ही त्याच मालमत्तेची राखण आहे.

बैठकीत करायचं काम

शे-सव्वाशे चिंचोके गोळा करून ठेवा. खडूने जमिनीवर दहा पायऱ्यांची शिडी काढा. सीआरपी ताईंनी शिडीचा प्रश्न वाचून दाखवावा. प्रत्येकीने आपल्या पायरीइतके चिंचोके मुठीत घ्यायचे आणि झाकलेल्या डब्यात टाकायचे, म्हणजे कुणाचे किती ते कुणाला कळणार नाही. मग सगळे मोजून हजर बायकांच्या संख्येने भागा. बारा जणी आणि ६० चिंचोके आले तर गटाची पायरी पाच. हा आकडा इतिवृत्तात लिहा.

नंतर एवढंच विचारा : एक पायरी वर जायला काय लागेल? पैसा लागेल असं उत्तर आलं तर किती आणि कशाला, तेही विचारा. "नवऱ्याची दारू सुटली तर", "गुडघा दुखायचा थांबला तर", "पाणी दारात आलं तर" अशी उत्तरं आली तर तीही जशीच्या तशी लिहून घ्या. पाणी आणि दवाखान्याची उत्तरं आपण ग्रामसभेत नेऊ शकतो.

आणखी एक प्रश्न आहे, तो विचारताना घाई करू नका आणि कुणाचं नाव घेऊ नका. गटाला माहीत नाही असं, आठवड्याच्या हप्त्याचं बाहेरचं कर्ज कुणावर आहे का? एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं काढलेलं आहे का? अशा बाया बैठकीत गप्प बसतात, किंवा येणंच बंद करतात, आणि आपण वहीत नुसती 'गैरहजर' नोंद करतो. सगळ्यांसमोर सांगणं शक्य नसेल तर बैठक संपल्यावर अध्यक्ष किंवा सीआरपी ताईंशी बोलता येईल, असं सगळ्यांना स्पष्ट सांगा. सगळी कर्जं एका कागदावर मांडली की कुठलं आधी फेडायचं आणि गटातून किती मदत होऊ शकते हे बघता येतं. त्या कामासाठी बोलावलं तर मी स्वतः येईन.

गटाची पायरी आणि आलेली उत्तरं ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत घेऊन या. सप्टेंबरमध्ये हीच शिडी परत काढायची आहे, म्हणून चिंचोके टाकून देऊ नका, पेटीतच ठेवा.