रोजचे कोडे, कायमचा साचा

प्रयोगवहीत प्रत्येक प्रयोगासाठी आपण तीच शीर्षके लिहितो : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोग बदलतो, मांडणी तीच राहते. संगणकाच्या प्रोग्रॅमने रोज एक कोडे सोडवायचे असेल, तर अशीच ठरलेली मांडणी उपयोगी पडते. तिला साचा म्हणू.

एरिक वास्टल या अमेरिकन प्रोग्रॅमरने २०१५ मध्ये ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ हा उपक्रम सुरू केला. २०२४ पर्यंत दर डिसेंबरमध्ये रोज एक, अशी २५ कोडी असत. २०२५ मध्ये ती १२ होती. कोड्यासोबत उत्तरासह छोटा नमुना आणि सोडवण्यासाठी मोठी माहिती मिळते.

२०१५ चे पहिलेच कोडे पाहा. उघडणारा कंस आला की एक मजला वर, मिटणारा आला की एक मजला खाली. सुरुवात शून्यापासून. समजा, ओळ आहे ‘()())’. मजले येतात १, ०, १, ०, −१. म्हणून उत्तर −१. दुसरा भाग विचारतो, −१ वर, म्हणजे तळघरात, प्रथम कितव्या कंसाला पोचलो? पाचव्या.

आता समजा, एखाद्याने लिहिले : ‘उघडणारा कंस असेल तर १ मिळवा, नाहीतर १ वजा करा.’ नमुना त्याने प्रोग्रॅममध्येच टाइप केला. उत्तर बरोबर आले. मोठी माहिती मात्र फाइलमधून वाचली. फाइलच्या शेवटी पुष्कळदा ‘नवी ओळ’ हे न दिसणारे चिन्ह असते. त्याचाही १ वजा झाला आणि उत्तर एकाने चुकले! नमुना आणि माहिती वेगवेगळ्या वाटांनी आत आल्यामुळे ही चूक नमुन्यात दिसलीच नाही.

म्हणून साच्यात हे चार भाग ठेवा :

(१) दर दिवसाचा वेगळा फोल्डर; त्यात नमुना आणि माहिती अशा दोन फायली.

(२) दोन्ही फायली वाचणारे एकच फंक्शन. शेवटचे नव्या ओळीचे चिन्ह तेच काढून टाकील.

(३) पहिला भाग व दुसरा भाग यांसाठी दोन रिकामी फंक्शने. रोज फक्त हीच भरायची.

(४) नमुन्याचे उत्तर जुळले तरच मोठ्या माहितीकडे जाऊ देणारी तपासणी.

हा कोरा साचा जपून ठेवावा आणि रोज त्याची प्रत काढून कामाला लागावे.

करून पाहा : वरील नियम असा सुधारा, की मिटणारा कंस असेल तरच १ वजा होईल आणि तिसरे कोणतेही चिन्ह आले तर प्रोग्रॅम थांबून ते दाखवील. मग नमुन्याच्या फाइलमध्ये मुद्दाम एक स्वल्पविराम घाला. तुमचा प्रोग्रॅम त्याला पकडतो का?