पुढचे शीड कोणते निवडाल?

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत आपण ज्याला बादबान म्हणतो, त्याला मराठीत शीड म्हणतात. मस्तूल म्हणजे डोलकाठी. हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा, कारण या पाठात ते वारंवार येणार आहेत.

दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वरून जोडल्या, की कॅटमरान तयार होते. हा शब्द तमिळ भाषेतील 'कट्टुमरम' या शब्दावरून आला. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. तमिळ कोळ्यांचे कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. जोडहोडीची रचना मात्र पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या लोकांची आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या होबी आल्टर (१९३३-२०१४) यांनी १९७० च्या सुमारास 'होबी १६' ही लहान कॅटमरान बाजारात आणली. ती सुमारे ५ मीटर लांब आहे. तिला दोन शिडे असतात. दोन्हींचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मीटर भरते. त्यांपैकी डोलकाठीच्या पुढचे तिकोनी शीड फक्त ५ चौरस मीटरचे असते. या पुढच्या शिडाला जिब म्हणतात.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शिडाचा उपयोग काय? ऐका. कॅटमरान वजनाने हलकी असते आणि तिचे दोन्ही पाय पाण्यात असतात. त्यामुळे वाऱ्याकडे तोंड करून वळताना ती मध्येच अडकते. अशा वेळी जिब क्षणभर जुन्याच बाजूला धरून ठेवतात. वारा तिच्या पाठीवर आदळतो आणि होडीचे तोंड पलीकडे ढकलतो. वळण पूर्ण झाले, की जिब नव्या बाजूला घेतात.

जिबचे काही मुख्य प्रकार पाहू.

पहिला प्रकार पट्ट्यांचा. शिडात आडव्या, लवचीक पट्ट्या बसवतात. त्यांमुळे शिडाचा आकार टिकतो, कापड कमी फडफडते आणि जास्त दिवस चालते. पण पट्ट्यांमुळे हे शीड चटकन गुंडाळता येत नाही.

दुसरा प्रकार गुंडाळीचा. यात पट्ट्या नसतात. एक दोरी ओढली, की शीड पुढच्या तारेभोवती चटईसारखे गुंडाळले जाते. याचा आकार पहिल्याइतका नेटका राहत नाही, पण वारा वाढताच ते बंद करता येते.

तिसरा प्रकार आपोआप बाजू बदलणारा. वळताना हे शीड डोलकाठीपुढील आडव्या पट्टीवरून स्वतःच सरकते. दोर सोडा-ओढायचे काम वाचते. मात्र ते डोलकाठीच्या पुढेच मावायचे असल्याने लहान असते. वळण अडकले, तर त्याला हाताने धरावे लागते.

चौथा प्रकार डोलकाठीच्या मागपर्यंत येणारे मोठे शीड. मंद वाऱ्यात ते छान ओढते. वारा वाढला, की तेच सांभाळणे कठीण होते.

आता समजा, तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ अशा होडीत आहात. वारा एकाएकी वाढला. होडीची पुढची टोके पाण्यात घुसू लागली. अशा वेळी कॅटमरान कोलांटी घेऊन उलटू शकते. उलटलेली होडी सरळ करायला चांगले वजन लागते. दोन हलक्या मुलांना ते जमेलच असे नाही. तेव्हा कोणते शीड जास्त वेगवान, हा प्रश्न बाजूला राहतो. कोणते शीड लवकर आवरता येते, हाच प्रश्न उरतो. म्हणून नवशिक्यांना गुंडाळीचे शीड बरे. सराव झालेल्या दोन मोठ्या माणसांनी पट्ट्यांचे घ्यावे. एकट्याने होडी चालवणाऱ्याला तिसरा प्रकार सोयीचा. शर्यतीत मात्र आधी नियम पाहावेत. होबी १६ च्या शर्यतीत सर्वांची शिडे सारखीच असावी लागतात.

मित्रांनो, शीड दुकानात पाहून निवडू नका. पाणी कसे आहे, वारा किती वाढू शकतो आणि सोबत कोण आहे, हे आधी विचारा. वारा आपल्या हातात नसतो, शिडाची दोरी मात्र असते.

स्वाध्याय
१. वळताना जिबचा उपयोग कसा होतो?
२. नवशिक्यांसाठी कोणते शीड योग्य? का?
३. 'वारा', 'शीड', 'डोलकाठी' हे शब्द वापरून तीन वाक्ये लिहा.